दुसरा

वाल्दिव्हियात ऑगस्ट म्हणजे ओलं सरपण.
शेगडी धूर जास्त देते, ऊब कमी,
आणि रोसामेल तिला शिव्या देत नाही, तिच्याशी बोलतो.
संगणकाशीही तसाच बोलतो,
टेबलाखाली गुरगुरणाऱ्या त्या पिवळट खोक्याशी,
ज्यात आमच्या होड्यांच्या कारखान्याचा
एकोणीस वर्षांचा हिशेब आहे:
कुणाला किती फळ्या, किती डांबर, किती उधार.

मी सीमेपलीकडून परतलो तेव्हा
त्याच्यासाठी डीव्हीडी ड्राइव्ह घेऊन आलो.
सात वर्षांनी घरी येणाऱ्या धाकट्यानं
रिकाम्या हातानं येऊ नये, एवढंच.
खोक्यात तो बरोब्बर बसला, चार स्क्रूंवर.
कळ दाबली.
नवा तर दिसलाच नाही,
जुनी डिस्कही दिसेनाशी झाली.

काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ, लुकलुकणारी.
ताकास तूर लागू देईना.

रोसामेलनं चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला,
घातला,
पुन्हा काढून पुसला.

मग नेहमीचं सगळं.
विजेची तार काढून परत लावली.
ती रुंद राखाडी पट्टी उपटली, फुंकर मारली, परत खोचली.
लाल कड पहिल्या पिनेकडे? आहे.
पिना वाकल्यात? टॉर्चनं पाहिलं, एकही नाही.
बायोसच्या निळ्या पानावर वर-खाली फिरलो
परक्या गावात पत्ता विचारत फिरावं तसा.
एदुविना वहिनी मुर्ताच्या फळांचा केक ठेवून गेली.
जाता जाता म्हणाली, "परवापर्यंत चालत होता."
माझ्याकडे न बघता म्हणाली.

घोडं पेंड खात होतं ते ड्राइव्हच्या पाठीवर,
नखाहून लहान अशा काळ्या टोपीत.
जंपर म्हणतात तिला.
ती कुठल्या दोन पिनांवर बसते त्यावर ठरतं
एका तारेवरच्या दोघांत मालक कोण.
नवा कारखान्यातून निघाला तो मालक होऊनच.
जुनी डिस्क तर पहिल्या दिवसापासून मालक.
हाक एक, ओ देणारे दोन;
मशीनला वाटलं, घरात कोणीच नाही.

रोसामेल माहितीचा कागद दिव्याजवळ धरून वाचत होता.
"इथं तिसरी जागा आहे," म्हणाला,
"तारच ठरवते म्हणे.
टोकाला बसेल तो पहिला, मध्ये बसेल तो दुसरा.
आपण काही बोलायचंच नाही."
त्याच्या आवाजात सुटका होती. मला ऐकू आली.
दोन्ही टोप्या तिसऱ्या जागी नेल्या.
पण आमची तार जुनी, चाळीस धाग्यांची.
ठरवणं तिला येत नव्हतं.

पुन्हा रेघ.

नदीवर समुद्रसिंह भुंकले.
मासळीबाजार उठला की ते असेच भुंकतात,
आणि मग गप्प होतात.

चिमट्यानं काढताना एक टोपी उडाली.
साठीकडे झुकलेले दोन पुरुष गुडघ्यांवर,
टेबलाखाली, लाकडाच्या भुशात जमीन चाचपत.
त्याचं डोकं माझ्या डोक्यावर आपटलं,
आणि दोघंही "बघ की जरा" म्हणालो, एकदमच,
वडिलांच्या आवाजात.
टोपी माझ्या विजारीच्या दुमडीत सापडली.

"तू लाव," तो म्हणाला.
कुठं, ते म्हणाला नाही.

जुन्या डिस्कला मी मालक ठेवलं.
नव्याची टोपी एक घर सरकवली, बस,
एक घर.

कळ. बराच वेळ काही नाही.
मग पडद्यावर दोन नावं आली,
एकाखाली एक.

ट्रे बाहेर आला. रोसामेलनं तबकडी ठेवली, उलटी.
मी सुलटी केली.
ती फिरू लागली तसं टेबल थरथरलं,
केकच्या बशीतला चमचा किणकिणत राहिला.

झोपण्याआधी त्यानं हिशेब उघडला.
"किती पडले याचे?"
"राहू दे."
"किती?"
सांगितले.
दोन बोटांनी, सावकाश, त्यानं तो आकडा लिहिला
उधारीच्या रकान्यात,
माझ्या नावासमोर,
आणि जपून ठेवला.